उलट्या डोंगरावर एकट्याने

डोंगर चढणाऱ्याला एक सोय असते. दमलात, पाणी संपत आलं, हवा बिघडली, तर पाठ फिरवायची आणि उतरायला लागायचं. खोल कॅनियनमध्ये, म्हणजे नदीने कोरलेल्या उभ्या कड्यांच्या दरीत, हा हिशोब उलटा आहे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतरण, आणि दुपारच्या उन्हात, थकल्या पायांनी चढण. त्याहून वाईट म्हणजे उतरताना शरीर ‘सगळं ठीक चाललंय’ असंच सांगत राहतं. सोबत कोणी असेल तर निदान दुसरं मत मिळतं. एकट्याने निघालेल्याला तेवढाही आधार नाही.

याचं सर्वाधिक अभ्यासलं गेलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं ग्रँड कॅनियन. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे आणि जागोजागी दीड किलोमीटरहून खोल. दक्षिण काठावरून साउथ कायबॅब वाटेने निघालं की सुमारे ११ किलोमीटरच्या चालीत जवळपास १,४५० मीटर खाली उतरणं होतं. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, विशेषतः मे ते सप्टेंबरमध्ये, असं तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं व्यवस्थापन बजावून सांगतं. तरीही दरवर्षी अनेकांना सोडवून आणावं लागतं.

उतरण सोपी का वाटते? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाला ऑक्सिजन फारच कमी लागतो. १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी ते मजेशीर पद्धतीने दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने पाय रोवून विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच, पण विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला.

म्हणूनच उतरताना धाप लागत नाही आणि वेग नकळत वाढतो. पण प्रत्येक पावलाला ताणल्या जाणाऱ्या स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होत असते. तिचं खरं दुखणं एकदोन दिवसांनी शिगेला पोचतं. ताकद मात्र त्याच दिवशी घटते, नेमकी चढण सुरू व्हायच्या वेळी. नदीकाठी बसून उठताना गुडघे थरथरले, तर समजायचं की मांड्यांचा बराचसा खर्च आधीच झालाय.

आता उष्णता. कोरडी हवा खाली सरकताना दाबली जाते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते. जुलैमध्ये दक्षिण काठावर दुपारचं सरासरी कमाल तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तर तळाशी, फँटम रँच या मुक्कामाच्या जागी, ४१. हे सावलीतले आकडे. त्यात दोन्ही बाजूंचे तापलेले कडे स्वतःची उष्णता अंगावर फेकत असतात. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारासुद्धा शरीर तापवतो, आणि थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो: घाम वाळणं.

थोडं गणित करू. ७० किलोचा माणूस, पाठीवर ८ किलोची सॅक. एवढं वजन १,४५० मीटर वर न्यायचं तर यांत्रिक काम होतं सुमारे २६५ किलोकॅलरी. चढताना स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २५ टक्के, म्हणजे प्रत्यक्ष खर्च हजाराच्या वर. उरलेल्या आठेकशे किलोकॅलरींची नुसती उष्णता होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे फक्त चढणीच्या कामापायी जवळजवळ दीड लिटर घाम पूर्णपणे वाळायला हवा. ऊन, गरम हवा आणि सपाटीवरची चाल यांचा हिशोब वेगळाच.

गंमत अशी की हा घाम दिसत नाही. दमट हवेत तो निथळतो, शर्ट अंगाला चिकटतो. इथल्या कोरड्या हवेत तो आल्याआल्या उडून जातो. शर्ट कोरडाच, फक्त सॅकच्या पट्ट्यांच्या कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि कपाळावर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. आपल्याला घामच येत नाहीये, असं वाटून माणूस पाणी टाळतो.

मग भरपूर पाणी प्यायलं की झालं? नाही. इथे दुसरा सापळा आहे. दीर्घ श्रमात, विशेषतः मळमळ सुरू झाल्यावर, शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक वाढतं. अशा वेळी तहान नसताना लिटरवर लिटर पाणी रिचवलं की ते बाहेर पडत नाही आणि रक्तातला सोडियम पातळ होतो. लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली तो गेला की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. ग्रँड कॅनियनमधल्या पदयात्रींवर १९९०च्या दशकात याचा अभ्यास झाला. पेच असा की डोकेदुखी, मळमळ, उलटी, गोंधळलेपण ही लक्षणं उष्णतेच्या त्रासासारखीच दिसतात. उपाय मात्र विरुद्ध, कारण इथे आणखी पाणी पाजलं तर प्रकृती बिघडते. तहानेप्रमाणे पिणं आणि सोबत खारट काहीतरी खात राहणं, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. ओढा लागला तर शर्ट आणि टोपी भिजवून घ्यावी. बाहेरचं पाणी वाळलं तरी थंडावा तोच मिळतो, आणि अंगातलं पाणी वाचतं.

पाणी कुठे मिळेल, हे बऱ्याच अंशी खडक ठरवतो. साउथ कायबॅबची वाट डोंगरधारेवरून जाते. तिथे पाणी नाही, सावलीही नावापुरतीच. दक्षिण काठावरूनच निघणारी ब्राइट एंजेलची वाट मात्र एका भ्रंशाच्या रेषेने उतरते. खडक तिथे तुटून सरकल्यामुळेच रेडवॉलच्या उभ्या कड्यातून वाट मिळाली आहे. हा कडा सुमारे ३४ कोटी वर्षं जुन्या चुनखडकाचा. मुळात तो करडा आहे. वरच्या थरांतलं लोहाचं ऑक्साइड ओघळून त्याला लाली आली आहे. वर पडलेलं पाणी चुनखडकांतून झिरपत खाली येतं, ब्राइट एंजेल शेल या पाणी सहसा झिरपू न देणाऱ्या खडकाच्या थराशी अडतं आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. वाटेतली हवासुपाई गार्डन्सची हिरवळ त्या झऱ्यांवरच वाढली आहे. हवासुपाई हे इथले मूळ रहिवासी ही वाट पर्यटकांच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. अंतर जास्त असलं तरी चढायला हीच वाट निवडावी, असं मला वाटतं.

अरुंद घळींमध्ये फसगत आणखी वेगळी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनाच्याच अँटेलोप कॅनियनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला. पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूर.

एकटेपणाचा खरा धोका मला मेंदूत दिसतो. पाय मुरगळला आणि मोबाइलला सिग्नल नाही, ही भीती रास्तच. त्यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवता येतं. पण शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि बोलण्यावागण्यात गोंधळ दिसू लागला की तो उष्माघात. हा गोंधळ ज्याला होतो, त्याला तो क्वचितच कळतो. चिडचिड, अडखळती पावलं, असंबद्ध उत्तरं हे सगळं सोबत्याला आधी दिसतं. एकटा माणूस ज्या मेंदूने स्वतःची तपासणी करतो, तोच तापलेला असतो. आणि यंत्राचं बटण दाबायचा निर्णयही त्यालाच घ्यायचा असतो.

म्हणून महत्त्वाचे निर्णय काठावर, डोकं थंड असतानाच घेऊन टाकावेत. हातात जेवढा वेळ आहे त्याचा एक तृतीयांश उतरायला आणि दोन तृतीयांश चढायला, हे तिथलं जुनं गणित. परत फिरायची वेळ कागदावर लिहावी, एक प्रत मागे राहणाऱ्या कुणाकडे द्यावी आणि ती वेळ झाली की नदी समोर दिसत असली तरी वळावं. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चढण टाळावी, सावलीत बसून राहावं.

तयारीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लोक सरावाला जिने चढतात आणि लिफ्टने खाली येतात. कॅनियनसाठी निदान तितकंच उतरायलाही हवं. ताणल्या जाणाऱ्या कामाचा एक कडक डोस मिळाला की पुढचे काही आठवडे तशाच कामाने स्नायूंना होणारी इजा बरीच कमी होते. तेव्हा निघायच्या दोनतीन आठवडे आधी, पाठीवर सॅक घेऊन एखादी लांब उतरण करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या म्हणजे डोस पोचला.