डोब्युटामिन की मिलरिनोन? थकलेल्या हृदयाची ऊर्जा कोण कशी खर्च करतं

आयसीयूतल्या सिरिंज पंपावर ही दोन नावं सारखी दिसतात. नातेवाइकांना मात्र दोन्हींबद्दल एकच सांगितलं जातं: ‘पंपिंग वाढवायचं औषध.’ ते खोटं नाही. पण हृदयाच्या स्नायूला हे वाढीव काम कोणत्या भावात पडतं, हे दोघांत वेगळं आहे.

दोन्ही औषधं पेशीतल्या सायक्लिक एएमपी या रेणूची पातळी वाढवतात. तो वाढला की पेशीत जास्त कॅल्शियम शिरतं आणि आकुंचन जोरात होतं. पाण्याच्या टाकीसारखं समजा: डोब्युटामिन वरचा नळ मोठा सोडतं, मिलरिनोन खालची गळती बंद करतं. डोब्युटामिन पेशीवरच्या बीटा-वन रिसेप्टरमार्फत (ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा संदेश घेणारं ग्राहक) नवा सायक्लिक एएमपी बनवायला लावतं. मिलरिनोन तो मोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेझ-३ या एन्झाइमला अडवतं.

हृदय कमजोर असेल तर इथेच गोष्ट वळते. अशा रुग्णाच्या शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीची द्रव्यं महिनोन्‌महिने वाढलेली असतात. त्या माऱ्याने रिसेप्टर कमी होत जातात, गंभीर आजारात जवळपास निम्म्यावर येतात. त्यात रुग्ण आधीपासून बीटा-ब्लॉकर (हेच रिसेप्टर अडवणारी औषधं) घेत असला, तर डोब्युटामिनचा जोर आणखी कमी पडतो. मिलरिनोनला रिसेप्टरची गरज लागत नाही. तरी तेही सर्वशक्तिमान नव्हे. मुळात सायक्लिक एएमपी तयारच कमी होत असेल, तर मोडतोड थांबवून मिळणार किती? म्हणून कधी कधी दोन्ही एकत्र लावतात.

आता ऊर्जेकडे येऊ. हृदयात एटीपीचा, म्हणजे पेशीला थेट ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, साठा जेमतेम काही सेकंदांचा असतो. दिवसभरात सुमारे ६ किलो एटीपी बनतं आणि वापरलं जातं. निकामी होत चाललेल्या हृदयात आधी फॉस्फोक्रिएटिन (ऊर्जेचा राखीव साठा) घटतं, पुढे एटीपीही. अशा स्नायूला जोर लावायला सांगितलं की खर्च दोन ठिकाणी वाढतो. एक तर खुद्द आकुंचनाचा. दुसरा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: आत सोडलेलं कॅल्शियम प्रत्येक ठोक्यानंतर परत कोठारात ओढावं लागतं, आणि दर दोन कॅल्शियम आयनांमागे एक एटीपी जातं. ठोके वाढले की हा खर्चही वाढतो.

शिवाय इंधनाचा प्रश्न आहेच. बीटा रिसेप्टर चेतवले की चरबीतून मेदाम्लं रक्तात येतात, आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये मेदाम्लांपासून ग्लुकोजपेक्षा कमी एटीपी मिळतं. या बाबतीत मिलरिनोनलाही निर्दोष म्हणता येत नाही, कारण ते ज्याला अडवतं ते फॉस्फोडायएस्टरेझ-३ चरबीच्या पेशींतही असतं.

मग फरक कुठे पडतो? रक्तवाहिन्यांत. मिलरिनोन त्या सैल करतं. हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब उतरतो, पुढे रक्त ढकलतानाचा विरोध कमी होतो आणि हृदयाच्या भिंतीवरचा ताण घटतो. वाढलेल्या खर्चाची काही भरपाई इथे होते. १९८०च्या दशकात हृदयाच्या शिरेत कॅथेटर घालून ऑक्सिजनचा वापर मोजला गेला, तेव्हा डोब्युटामिनने तो वाढलेला दिसला; मिलरिनोनने तितका नाही.

एवढ्यावरून मिलरिनोनला सौम्य ठरवायचा मोह होतो. मला तो धोक्याचा वाटतो. १९९१च्या प्रॉमिस चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरच्या १,०८८ रुग्णांपैकी काहींना रोज मिलरिनोनच्या गोळ्या, बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघालं. ऑक्सिजन वाचला तरी पेशीत कॅल्शियम वाढतंच, आणि त्यातून ठोक्यांची घातक अनियमितता उद्भवू शकते. कार्डिओजेनिक शॉकच्या (हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने अवयवांना रक्त कमी पडतं ती अवस्था) १९२ रुग्णांवर झालेल्या डोरेमी चाचणीतही (२०२१) दोन्ही औषधांच्या निकालात ठळक फरक दिसला नाही.

म्हणून खाटेपाशी निवड बऱ्याचदा साध्या गोष्टींवर होते. रक्तदाब आधीच खाली असेल तर मिलरिनोन तो आणखी पाडू शकतं. फुप्फुसांतला दाब चढलेला असेल किंवा बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर तेच सोयीचं ठरतं. डोब्युटामिनचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे २ मिनिटं, त्यामुळे बिनसलं तर पंप थांबवला की असर लवकर ओसरतो. मिलरिनोनचं दोन-अडीच तास. ते मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नसलेल्या, रुग्णात त्याचा डोस आधीच कमी करावा लागतो.