अधिवेशन संपले म्हणून खासगी विधेयक बाद होत नाही

अधिवेशन संपले की खासदारांची खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली विधेयके, आपोआप रद्द होतात, हा जुना समज ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाला लागू पडतो. आपल्या संसदेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७(३) नुसार सत्रसमाप्तीमुळे कोणतेही प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही, मग ते मंत्र्याने मांडलेले असो वा साध्या सदस्याने. लोकसभेत पडून राहिलेले खासगी विधेयक बारगळते ते लोकसभा विसर्जित झाल्यावर, किंवा मांडणारा सदस्यच खासदार उरला नाही अथवा मंत्री झाला तर. राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने मंजूर न केलेले विधेयक तर विसर्जनानंतरही जिवंत राहते. खासगी कामकाजासाठी राखलेल्या शुक्रवारच्या अडीच तासांत बहुतेक विधेयकांची पाळीच येत नाही आणि १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे हा समज टिकला असावा.