स्थलांतरित कुटुंबांची पूर्वतयारी (खानदेश व अमेरिका)

परदेशात कमावत्या माणसाची नोकरी गेली, व्हिसा संपला किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेतले, तर मुले कोणाकडे राहतील, पैसा कोण काढेल, वकील कोण गाठेल आणि कागद कुठे सापडतील, हे आधीच ठरवून लिहून ठेवणे म्हणजे ही पूर्वतयारी. अमेरिकेतले वकील तिला ‘फॅमिली प्लॅन’ म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत तिला वेगळे नाव नाही. पण अमेरिकेतल्या घराची निम्मी तयारी इथल्या ग्रामपंचायतीत आणि मुद्रांक कार्यालयात होते, म्हणून ती खानदेशाचाही विषय आहे.

परगावी जाणे खानदेशाला नवे नाही. भुसावळ–सुरत लोहमार्गाने पिढ्यान् पिढ्या लोक सुरतेच्या कापड गिरण्यांत गेले. लिंबायत, उधना भागांत आजही खानदेशी बोली कानावर पडते. नंदुरबार-धुळ्याचे आदिवासी मजूर हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि काही जण लहान मूल आजीजवळ ठेवतात. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली, शिरपूर-धुळ्याकडची मुले एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत पोचली. फरक एवढाच, की सुरतेहून गाडीत बसले की माणूस घरी, आणि पुन्हा जायचे तर पुन्हा गाडी. अमेरिकेतून घरी आल्यावर पुन्हा तिथे जाण्याला अटी आहेत. १९९६ च्या कायद्यानुसार तिथे १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही.

जानेवारी २०२५ पासून तिथली अंमलबजावणी कडक झाली. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा ठिकाणी कारवाई टाळण्याचे जुने धोरण त्याच महिन्यात मागे घेतले गेले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, पण महाराष्ट्रातलेही तिघे होते.

‘आपण कायदेशीर गेलो, आपल्याला काय होणार?’ हा समज इथे पक्का आहे आणि तो अपुरा आहे. एच-वनबीवरच्या माणसाची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला, दुसरा व्हिसा घ्यायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच काही काळ नोकरी करण्याची परवानगी) असलेल्याला बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीची मुदतवाढ मिळाली तर थोडे अधिक. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थी म्हणून असलेल्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या आणि न्यायालयांत दावे गेल्यावर पूर्ववत केल्या गेल्या. तोवर मुलांची झोप उडाली ती उडालीच. सप्टेंबर २०२५ पासून स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेण्यासाठी, मुलाखतीची सूट जवळजवळ बंद झाली. डिसेंबरात एच-वनबी आणि एच-फोर (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमे तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. त्यामुळे लग्नसराईत गावी येणे हाही आता तयारीचाच भाग ठरतो: तिकडचे भाडे, गाडीचा हप्ता, मुलांची शाळा यांची सोय न लावता निघालेला माणूस लग्न उरकूनही इथेच अडकू शकतो.

रोजचे नियम साधे, पण विसरले जाणारे आहेत. अठरा किंवा अधिक वर्षांच्या परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असे तिथला कायदा सांगतो. बहुतेक व्हिसाधारकांसाठी आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद, हाच तो पुरावा. मूल १४ वर्षांचे झाले की ३० दिवसांत त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. घर बदलले तर नवा पत्ता दहा दिवसांत कळवायचा असतो. ज्याची कायदेशीर स्थितीच संपली आहे, त्याने मात्र कोणताही फॉर्म भरण्याआधी वकिलाला विचारावे.

दारावर अधिकारी आले तर दार उघडण्याआधी वॉरंट पाहायला मागावे. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट आणि इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेले प्रशासकीय वॉरंट या वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीशिवाय घरात शिरायला पहिले लागते, असा घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा अर्थ तिथले वकील लावत आले आहेत. गप्प राहता येते. खोटे बोलता येत नाही. स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणून खोटे सांगितले तर पुढची दारे जवळजवळ कायमची बंद होतात. इमिग्रेशन न्यायालयात सरकार फुकट वकील देत नाही, म्हणून वकिलाचा आणि एका नातलगाचा नंबर पाठ हवा, कारण मोबाइल हातात राहीलच असे नाही.

नोटरीच्या बाबतीत आपल्या माणसाची हमखास फसगत होते. भारतात नोटरी हा बहुधा अनुभवी वकीलच असतो, त्यामुळे ‘नोटरीकडून करून घेतले’ या शब्दांना इथे वजन आहे. अमेरिकेतला नोटरी पब्लिक फक्त सही साक्षांकित करतो. कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार त्याला नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा. आई-वडील दोघेही संध्याकाळी घरी आले नाहीत तर शाळेतून मुलाला कोण आणणार? शाळेच्या आपत्कालीन यादीत नाव असल्याशिवाय शाळा शेजाऱ्याच्या हाती मूल देत नाही. म्हणून ते नाव आधी नोंदवावे, मुलाची औषधे आणि अॅलर्जी लिहून ठेवावी, आणि तात्पुरत्या सांभाळाचे पत्र राज्याच्या कायद्याप्रमाणे करून घ्यावे. कॅलिफोर्नियात त्यासाठी स्वतंत्र प्रतिज्ञापत्र आहे, इतर राज्यांचे नियम वेगळे. तिथे जन्मलेल्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट तयार असला पाहिजे. सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांची संमती लागते, आणि एकजण कोठडीत असताना ती मिळवणे म्हणजे दगडावर डोके आपटणे. भारतात येण्यासाठी त्याच मुलाला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) किंवा व्हिसा लागतो. पासपोर्ट आहे, ओसीआय नाही, अशी अर्धी तयारी बऱ्याच घरांत दिसते.

खानदेशात करायची कामे यापेक्षा संथ आहेत. ग्रीन कार्डाच्या अर्जाला जन्मदाखला लागतो. खेड्यात घरी जन्मलेल्यांची नोंद कधी उशिरा झालेली, कधी मुळीच नसते; मग ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. ती देऊ शकणारी आत्या किंवा मोठे काका हयात आहेत तोवरच हे काम सोपे. नावांचा घोळ वेगळाच: शाळेच्या दाखल्यावर चौधरीचे इंग्रजी स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरे, लग्नाआधी मधले नाव वडिलांचे, नंतर नवऱ्याचे. हे जुळवून घ्यायला तालुक्याला चार खेपा होतात.

शेतीसाठी मुखत्यारपत्र लागते. ते अमेरिकेत तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करता येते, पण कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कपाटात वर्षभर पडलेले मुखत्यारपत्र घेऊन तलाठ्याकडे गेलेले भाऊ हात हलवत परततात. अधिकार किती द्यायचे हेही जपून ठरवावे. पीककर्ज काढण्याचा अधिकार वेगळा आणि जमीन विकण्याचा वेगळा.

अटक झाल्यास १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. भारतीयाच्या बाबतीत ती मागणी स्वतः करावी लागते, दूतावासाला आपोआप कळवले जात नाही. इकडे घरचे लोक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. कोठडीतल्या माणसाचा ऑनलाइन शोध घ्यायला त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश पुरतो. तो नंबर यावलच्या घरातही लिहिलेला असावा. पासपोर्ट नसलेल्याला परतीसाठी दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो.

यात आडवा येतो तो मात्र कायदा कमी, संकोच जास्त. नोकरी गेल्याचे मुलगा आईला सांगत नाही, आई भावकीला सांगत नाही, आणि साठपैकी चाळीस दिवस ‘सगळं ठीक आहे’ म्हणण्यात जातात.

परतलेल्या मुलाच्या शाळेची चिंता त्या मानाने हलकी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. जमिनीचे गणित अधिक गुंतागुंतीचे: ओसीआय असलेल्या मुलाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसाने त्याचे नाव लागू शकते.