लिंबूटिंबूंचा बारा वर्षांचा हिशेब: केप व्हर्दे, विश्वचषकाच्या तोंडावर

५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या गटांच्या चिठ्ठ्या निघाल्या. गट ‘एच’मध्ये स्पेन, उरुग्वे, सौदी अरेबिया आणि केप व्हर्दे. शेवटचं नाव वाचून बहुतेकांनी ‘बिचारे’ म्हटलं असेल आणि पुढचा गट बघायला घेतला असेल. युरोपचा विद्यमान विजेता, दोनदा जग जिंकलेला उरुग्वे, आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदाच विश्वचषकाला आलेली, जेमतेम पाच लाख वस्तीची बेटं. लिंबूटिंबू म्हणायला याहून सोपं काय?

पण हा संघ काही एका रात्रीत उगवलेला नाही, आणि त्याची संधी किती हे लोकसंख्येच्या आकड्यावरून कळणारही नाही.

सेनेगलच्या किनाऱ्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवर, अटलांटिकमध्ये ही दहा बेटं आहेत. त्यांतल्या नऊ बेटांवर माणसं राहतात. एकूण क्षेत्रफळ ४,०३३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा थोडंसंच जास्त. लोकसंख्या मात्र गोव्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. गोव्याची आठवण उगाच काढली नाही. दोन्हीकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं. गोवा १९६१ मध्ये सुटला, केप व्हर्देला ५ जुलै १९७५ पर्यंत थांबावं लागलं. देशाच्या नावाचा अर्थ ‘हिरवं भूशिर’. प्रत्यक्षात ते भूशिर सेनेगलमध्ये आहे आणि ही बेटं बरीचशी तपकिरी, कोरडी. पाऊस आला तर आला.

या न येणाऱ्या पावसाचा फुटबॉलशी थेट संबंध आहे. पोर्तुगीज १४६० च्या सुमारास आले तेव्हा इथे कोणीच राहत नव्हतं. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या व्यापारासाठी त्यांनी ठाणं वसवलं. पुढची काही शतकं दर थोड्या वर्षांनी दुष्काळ पडत राहिला. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत तर हजारो माणसं उपासमारीनं गेली. मग बेटं सोडणं हीच इथली रीत झाली. कोणी देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकी जहाजांवर चढून मॅसॅच्युसेट्सला पोचलं, कोणी मजूर म्हणून साओ तोमेच्या मळ्यांत गेलं, कोणी लिस्बनला, तर कोणी खलाशी होऊन रॉटरडॅमच्या बंदरात उतरलं. आज देशात राहणाऱ्यांपेक्षा देशाबाहेरची केप व्हर्देअन माणसं जास्त आहेत.

त्यामुळे अनेक वर्षं या मातीचे खेळाडू दुसऱ्यांचेच अंगरखे घालून खेळले. पोर्तुगालचे ओसेआनो आणि रोलांदो जन्मले या बेटांवर. फ्रान्सच्या पात्रिक व्हिएराची आई इथली, स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील इथले. आणि एक गोष्ट तर या गटासाठी फारच बोलकी आहे. २०१० च्या विश्वचषकात, पुढे जगज्जेता ठरलेल्या स्पेनला पहिल्याच सामन्यात १-० असा धक्का बसला, तो स्वित्झर्लंडकडून. गोल करणारा जेल्सन फर्नांडेस हा जन्मानं केप व्हर्देच्या राजधानीचा, प्राइयाचा.

ही गळती उलटी फिरवणं हेच या संघाच्या चढाईमागचं खरं काम. परदेशात जन्मलेली दुसरी-तिसरी पिढी शोधायची, त्यांना आजी-आजोबांच्या देशाकडून खेळायला बोलवायचं. यातला सगळ्यात मजेशीर किस्सा रॉबेर्तो ‘पिको’ लोपेस या बचावपटूचा. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील केप व्हर्देचे. त्याला लिंक्डइनवर तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वास यांचा पोर्तुगीजमध्ये निरोप आला. भाषा कळेना, म्हणून फालतू मेसेज समजून यानं सोडून दिला. काही महिन्यांनी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा गडबडीनं जुना निरोप भाषांतर करून वाचला. २०१९ पासून तो संघात आहे. गोल करणारा डायलॉन लिव्हरामेंतो रॉटरडॅमचा, मधल्या फळीतला जामिरो मोंतेरोही तिथलाच.

(आपल्याकडे ही वाट बंद आहे. भारताचं दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे रायन विल्यम्सला भारताकडून खेळण्यासाठी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडावं लागलं. केप व्हर्देवाल्यांना अशी किंमत मोजावी लागत नाही.)

आता मैदानावरचा हिशेब. पहिली मोठी खूण २०१२ ची. आफ्रिका चषकाच्या पात्रता फेरीत त्यांनी दोन सामने मिळून कॅमेरूनला ३-२ असं बाहेर काढलं. २०१३ ला दक्षिण आफ्रिकेत पदार्पण. प्रशिक्षक होते लुसिओ अंतुनेस, ज्यांची मूळ नोकरी विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रकाची. यजमानांशी ०-०, मोरोक्कोशी १-१, अंगोलावर २-१, आणि पहिल्याच प्रयत्नात उपांत्यपूर्व फेरी. तिथे घानानं २-० हरवलं.

त्याच वर्षी जे घडलं ते आजही तिथल्या लोकांना बोचत असणार. २०१४ च्या विश्वचषकासाठी सप्टेंबरमध्ये ट्युनिशियात जाऊन त्यांनी ट्युनिशियाला २-० हरवलं आणि पात्रतेच्या अखेरच्या फेरीत जागा पटकावली. दोनच सामने बाकी! पण बचावपटू फर्नांदो व्हारेला मार्चमधल्या इक्वेटोरियल गिनीविरुद्धच्या लाल कार्डामुळे बंदीत होता आणि तरी खेळला होता. फिफानं निकाल फिरवून सामना ट्युनिशियाला ३-० असा दिला. गंमत म्हणजे मार्चमधला तो सामना केप व्हर्दे मैदानावर हरलं होतं, पण प्रतिस्पर्ध्यांनी अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे तो त्यांना बहाल झाला होता. सामनाच रद्दबातल, तर त्यातली शिक्षाही गेली, असा त्यांचा समज. नियमानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. माझ्या मते या संघाच्या इतिहासातला सगळ्यात महागडा दिवस हाच.

पुढेही नशिबानं फार साथ दिली असं नाही. २०१५ च्या आफ्रिका चषकात तिन्ही सामने बरोबरीत, एकही पराभव नाही, तरी गाशा गुंडाळावा लागला, कारण तेवढेच गुण असलेल्या डीआर काँगोनं गोल जास्त केले होते. २०२२ च्या सुरुवातीला बाद फेरीत सेनेगलविरुद्ध दोघांना लाल कार्ड, पराभव. २०२४ मध्ये घानावर २-१, मोझांबिकवर ३-०, इजिप्तशी २-२. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेशी गोलशून्य बरोबरी, आणि शूटआउटमध्ये रॉनवेन विल्यम्स या गोलरक्षकानं त्यांच्या चार पेनल्टी अडवल्या. चार!

आणि मग घसरगुंडी. पुढच्या आफ्रिका चषकाच्या पात्रता फेरीत, इजिप्त, बोट्स्वाना आणि मॉरिटानियाच्या गटात ते तळाला राहिले. जूनमध्ये विश्वचषक पात्रतेत कॅमेरूननं ४-१ असं झोडपलं होतंच. त्या वेळी कुणी विश्वचषकाचं नाव काढलं असतं तर लोक हसले असते. २०२० पासून प्रशिक्षक असलेले आणि एके काळी याच संघाचे कर्णधार असलेले पेद्रो ब्रितो, म्हणजे ‘बुबिश्ता’, यांना मात्र महासंघानं बदललं नाही. बुबिश्ता हे क्रिओल भाषेत बोआ व्हिस्ता बेटाचं नाव.

२०२५ मध्ये त्याचं फळ मिळालं. मार्चमध्ये अंगोलात जाऊन २-१. ९ सप्टेंबरला प्राइयात कॅमेरूनवर १-०, गोल लिव्हरामेंतोचा. ८ ऑक्टोबरला लिबियात ३-१ नं मागे पडून ३-३, आणि अगदी शेवटी झालेला चौथा गोल ऑफसाइड ठरला, नाहीतर तिथेच काम फत्ते होतं. १३ ऑक्टोबरला घरी एस्वातिनीविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोल नाही. नंतर लिव्हरामेंतो, विली सेमेदो आणि भरपाईच्या वेळेत ३७ वर्षांचा स्तोपिरा. ३-० आणि तिकीट पक्कं, तेही स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षात. दहा सामन्यांत २३ गुण. कॅमेरून १९ वर अडकलं. आइसलँड वगळता तेव्हा विश्वचषकाला पोचलेला हा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश होता. महिन्याभरानं त्याहून छोटं कुरासाव पात्र ठरल्यानं तो मान सरकला.

या दहा सामन्यांत एक आकडा लपलेला आहे. घरच्या पाच सामन्यांत केप व्हर्देवर एकही गोल झाला नाही. आठच्या आठ गोल बाहेर झाले, त्यातले सात फक्त दोन सामन्यांत, कॅमेरून आणि लिबियात. म्हणजे बचाव पक्का आहे, पण घराबाहेर एकदा भगदाड पडलं की लवकर बुजत नाही. स्पेनच्या व्हियारेआल क्लबचा बचावपटू लोगान कॉस्ता गुडघ्याच्या दुखापतीमुळे पात्रतेच्या शेवटच्या टप्प्यात नव्हता, त्याचं असणं-नसणंही मोजावं लागेल. गोलरक्षक व्होझिन्या चाळिशीत आहे.

१५ जूनला अटलांटात स्पेन, २१ ला मायामीत उरुग्वे, २६ ला ह्यूस्टनमध्ये सौदी अरेबिया. बॉस्टनजवळ विश्वचषकाचं मैदान आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये केप व्हर्देअन वस्ती मोठी, पण साखळीतला एकही सामना तिथे आलेला नाही. नाहीतर ते जवळपास घरचं मैदान झालं असतं.

सगळे म्हणतात, सौदीला हरवायचं की झालं. मला ते इतकं सोपं वाटत नाही. इतिहास बघितला तर हा संघ घाना, इजिप्त, कॅमेरूनसमोर उभा राहतो आणि बोट्स्वाना, लिबियासमोर अडखळतो. शिवाय सौदीनं २०२२ मध्ये अर्जेंटिनाला हरवलेलं आहे. पण ४८ संघांच्या या रचनेत बारा गटांतले आठ तिसऱ्या क्रमांकाचे संघही पुढे जातात, आणि बरोबरी साधणं ही तर केप व्हर्देची जुनी सवय. २०१६ च्या युरोत रचना याच प्रमाणाची होती, सहातले चार तिसरे पुढे. तिथे तिन्ही साखळी सामने बरोबरीत सोडवून एक संघ तिसऱ्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरला आणि शेवटी चषकच घेऊन गेला. तो संघ होता पोर्तुगाल.