जुन्या रेसर सायकलीची फिक्स्ड गिअर सायकल करून घेण्यापूर्वी

माळ्यावर किंवा जिन्याखाली वर्षानुवर्षे पडून असलेली, वाकड्या हँडलची जुनी रेसर सायकल घेऊन तिची फिक्स्ड गिअर सायकल करून मागणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. हे काम आम्ही आवडीने करतो. मात्र प्रत्येक सांगाडा या कामास योग्य नसतो, आणि योग्य असला तरी काही ठरावीक भाग बदलल्याशिवाय सायकल सुरक्षित होत नाही. म्हणून काम देण्यापूर्वी आपण हे माहितीपत्रक पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे.

फिक्स्ड गिअर सायकलीत फ्रीव्हील नसते. मागचा दात्यांचा चक्रा हबवर पक्का बसवलेला असल्यामुळे चाक फिरत आहे तोवर पायडलही फिरत राहते. उतारावर पाय स्थिर ठेवून विसावा घेता येत नाही, उलट पायांनी मागे रेटले की वेग कमी होतो. सायकलीशी असा थेट संबंध जुळणे हाच या प्रकारातील खरा आनंद आहे, आणि शिकण्याचा भागही तोच आहे. ज्यांना केवळ गिअरची कटकट नको आहे, परंतु पाय थांबवण्याची सोय हवी आहे, त्यांनी फ्रीव्हील असलेली सिंगल स्पीड सायकल करून घ्यावी. तिचा खर्चही कमी येतो.

सांगाड्याची परीक्षा

सर्वप्रथम आम्ही मागच्या चिमट्याच्या टोकाची, एक्सल जिच्यात बसतो ती खाच पाहतो. ही खाच आडवी किंवा तिरकी असेल, तर चाक मागेपुढे सरकवून चेन हवी तशी ताणता येते. खाच सरळ उभी असेल, तर चाक सरकत नाही, आणि चेन ताणणारी स्प्रिंगची पट्टी फिक्स्ड गिअरला लावता येत नाही, कारण पाय मागे रेटताच चेनचा खालचा पदर ताणला जाऊन ती पट्टी वाकते किंवा तुटते. उभ्या खाचेवरही काही उपाय आहेत, परंतु ते खर्चिक असल्याने अशा सायकलीला आम्ही सहसा सिंगल स्पीडच सुचवतो.

त्यानंतर धातू पाहिला जातो. जुन्या रेसर सायकली बहुधा पोलादी असतात. घरच्या घरी चुंबक लावूनही आपण याची खात्री करू शकता. मागच्या चिमट्यातील अंतर जुन्या पाच-सहा गिअरच्या सायकलींत १२० किंवा १२६ मिलिमीटर, तर नंतरच्या सायकलींत १३० मिलिमीटर असते. ट्रॅक हब, म्हणजे फिक्स्ड गिअरसाठीचा मागचा हब, साधारणपणे १२० मिलिमीटरचा असतो. उरलेले अंतर एक्सलवर दोन्ही बाजूंना वायसर आणि बुश घालून भरता येते, आणि हे बुश उद्यमनगरात लेथवर अचूक मापाचे कातून मिळतात, ही कोल्हापूरकरांची मोठी सोय आहे. पोलादी चिमटा थोडा आत घेता येतो. ॲल्युमिनियमचा चिमटा मात्र आम्ही कधीही वाकवत नाही, कारण त्याला तडा जाण्याचा धोका असतो. जोडांजवळ चीर असेल, पुढचा चिमटा मागे दबलेला असेल किंवा क्रँकच्या कवचाला आतून गंज लागला असेल, तर आम्ही काम घेत नाही.

मागचा हब

संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. ट्रॅक हबवर दोन प्रकारचे आटे असतात. आतल्या, १.३७ इंच व्यासाच्या सरळ आट्यांवर चक्रा बसतो. त्याच्या बाहेर, १.२९ इंच व्यासाच्या उलट्या आट्यांवर लॉकरिंग, म्हणजे चक्रा जागी धरून ठेवणारी कडी, बसते. पाय मागे रेटल्यावर चक्रा सुटण्याच्या दिशेने फिरू पाहतो. त्या दिशेने फिरताच तो लॉकरिंगला अधिक घट्ट करतो, आणि म्हणून जागचा हलत नाही.

जुन्या सायकलीच्या फ्रीव्हील हबवरही ट्रॅकचा चक्रा चढतो, कारण आटे जवळजवळ सारखेच असतात. परंतु तेथे उलट आट्यांचे लॉकरिंग बसवण्याची सोयच नसते. फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करणे किंवा चक्रा चिकटद्रव्याने बसवणे असे स्वस्त उपाय काही ग्राहक सुचवतात. त्यांत ऐन वेळी पाय मागे रेटला असता चक्रा किंवा सबंध फ्रीव्हील हबवरून सुटू शकते, आणि पायांवर विसंबलेल्या माणसाला भर रहदारीत थांबता येत नाही. हे काम आम्ही कितीही आग्रह झाला तरी करत नाही. जुनी रिम चांगली असेल आणि छिद्रांची संख्या जुळत असेल, तर तीच रिम नव्या ट्रॅक हबवर नव्या तारांनी बांधून, आउट काढून देतो.

चेन पुढच्या चेनव्हीलपासून मागच्या चक्र्यापर्यंत सरळ रेषेत धावली पाहिजे. ट्रॅक हबसाठी सांगाड्याच्या मध्यापासून चेनच्या या रेषेचे अंतर सुमारे ४२ मिलिमीटर धरले जाते. दोन चेनव्हीलच्या जुन्या क्रँकवर बहुतेक वेळा आतली जागा जुळते. आपण सायकल ताब्यात घेताना चेन मधोमध दाबून पाहावी: ती साधारण एक सेंटिमीटर हलावी. अगदी ताठ चेन छर्रे आणि कोन लवकर खराब करते, तर सैल चेन उतरते. आणि फिक्स्ड गिअरवर चेन उतरणे धोक्याचे असते.

दात्यांचे प्रमाण आणि कोल्हापूरचे रस्ते

पुढे ४२ आणि मागे १६ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. रंकाळ्याभोवती, शाहूपुरी-राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या रस्त्यावर रोज फिरण्यासाठी हे प्रमाण आम्हाला सर्वांत योग्य वाटते: ताशी २० किलोमीटर वेगाला पाय मिनिटाला सुमारे ६० फेरे घेतात. मात्र पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उतारावर वेग ताशी ४५ किलोमीटर झाला, तर हेच फेरे मिनिटाला १३५ च्या वर जातात, आणि नवख्या माणसाचे पाय पायडलवरून सुटण्याची शक्यता असते. चढासाठी मागे १८ दाते घेतल्यास चढणे सोपे होते, पण उतारावर पाय त्याहून वेगाने फिरवावे लागतात. त्यामुळे पहिले काही महिने घाटाचा रस्ता टाळावा, असेच आम्ही सांगतो. ज्यांना मागचे चाक घसरवून थांबण्याची हौस आहे, त्यांनी ४८ ला १६ असे पूर्ण भाग जाणारे प्रमाण घेऊ नये. त्यात टायर प्रत्येक वेळी एकाच जागी घासतो. ४२ ला १६ मध्ये ती झीज आठ जागी विभागली जाते.

ब्रेक

वेलोड्रोमवरील, म्हणजे सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवरील, सायकलींना ब्रेक नसतात, हे खरे आहे. परंतु तेथे समोरून केएमटीची बस किंवा उसाचा ट्रॅक्टर येत नाही. पुढच्या ब्रेकशिवाय आम्ही एकही सायकल ताब्यात देत नाही, आणि पावसाळ्यात चालवणार असाल, तर दोन्ही ब्रेक ठेवावेत असा आमचा सल्ला आहे. जुनी २७ इंची चाके काढून ७०० सी चाके घातल्यास रिम ४ मिलिमीटरने खाली येते. तेव्हा जुन्या ब्रेकचे रबर तेथवर पोहोचते का, हे आम्ही आधीच तपासतो. वळणावर पायडल जमिनीला टेकू नये म्हणून शक्य तेथे १६५ मिलिमीटरचे क्रँक वापरतो. पायडलला पट्टे लावून घेणे आवश्यक आहे.

सायकल घेतल्यानंतर आठवडाभराने ती एकदा आमच्याकडे आणावी. चढावर जोर लावताना चक्रा आट्यांवर आणखी घट्ट बसतो आणि लॉकरिंग किंचित सैल पडू शकते; ते पुन्हा आवळून देण्याचे शुल्क घेतले जात नाही. सायकल पाहिल्यानंतर खर्चाचा अंदाज लेखी दिला जाईल. काढलेले डिरेलर, गिअरचे खटके आणि जुना हब पिशवीत बांधून परत मिळतील. सांगाड्यावरील गिअरची कडी आम्ही कापत नाही, त्यामुळे पुढे कधी सायकल मूळ रूपात हवी असल्यास हेच सामान पुन्हा बसवता येईल.