विशेष नंबरप्लेट आणि माजी सैनिक निधी (अमेरिका)

अमेरिकेत गाडीला नंबरप्लेट देण्याचे काम घटक राज्यांकडे आहे. साध्या पाटीखेरीज बहुतेक राज्ये विशेष पाट्याही देतात. अशा पाटीवर एखाद्या संस्थेचे चिन्ह असते. गाडीमालक काही डॉलर जादा भरतो आणि त्यातला ठरलेला वाटा त्या संस्थेच्या कार्याला जातो. माजी सैनिकांच्या संघटना या मार्गाने आपल्या सेवाकार्यासाठी पैसा उभा करतात.

सैनिकांशी संबंधित पाट्यांमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारे ‘पर्पल हार्ट’ पदक, युद्धकैद, सेवेत आलेले अपंगत्व यांसाठीच्या पाट्या सन्मानाच्या असतात. त्यांना पुरावा लागतो, शुल्क बहुधा कमी किंवा माफ असते. निधीच्या पाट्या बहुतेक ठिकाणी कोणालाही घेता येतात. काही मात्र संघटनेच्या सभासदांपुरत्या असतात.

पैशाचा हिशेब राज्यागणिक वेगळा. टेक्सासमध्ये अशा पाटीचे शुल्क साधारणपणे वर्षाला ३० डॉलर असून त्यातले २२ डॉलर कार्याला मिळतात. व्हर्जिनियात महसूल वाटून घेणाऱ्या पाटीला वर्षाला २५ डॉलर जादा पडतात, पण पहिल्या १,००० पाट्या विकल्या जाईपर्यंत सगळी रक्कम राज्य ठेवते. त्यापुढच्या प्रत्येक पाटीमागे १५ डॉलर संस्थेला. म्हणजे लहान संघटनेची पाटी रस्त्यावर दिसत असूनही तिच्या हाती काहीच न पडण्याची शक्यता असते. घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. जम बसला की मात्र नूतनीकरणाबरोबर दरवर्षी पैसे येत राहतात, आणि सेवाकार्याला असा नियमित पैसा फार मोलाचा.

सुरुवातीच्या पाट्यांमध्ये फ्लोरिडाची ‘चॅलेंजर’ पाटी सर्वांत गाजली. जानेवारी १९८६ मध्ये त्या अवकाशयानाच्या अपघातात सात अंतराळवीर गेले. १९८७ मध्ये निघालेल्या या पाटीतून त्यांच्या स्मारकाला निधी मिळाला.

गाडीचा नंबर आणि सैनिकांसाठी मदत यांची सांगड मात्र त्याहून जुनी आहे. ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’ ही अपंग माजी सैनिकांची संघटना १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत गाडीमालकांना टपालाने किल्लीची चकती पाठवत असे. चकती म्हणजे त्यांच्याच नंबरप्लेटची बोटभर प्रतिकृती, राज्याच्या रंगांसकट. सोबत देणगीची विनंती. किल्ल्या हरवल्या तर सापडणाऱ्याने त्या कोणत्याही टपालपेटीत टाकायच्या. संघटना नंबरावरून मालक शोधून त्या परत पाठवी. या चकत्या आजही संग्राहक जपून ठेवतात.

भारतात पसंतीच्या क्रमांकाचे शुल्क सरकारी तिजोरीत जाते. सैनिकांसाठीचा निधी १९४९ पासून ७ डिसेंबरच्या ध्वज दिनाला गोळा होतो; त्यासाठी छातीवर लावायच्या छोट्या ध्वजांबरोबर गाडीचे ध्वजही वाटले जातात.

पाटीवरचा मजकूर नेमका कोणाचा, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांच्या वंशजांची एक संघटना टेक्सासमध्ये दक्षिणेचा युद्धध्वज असलेली पाटी मागत होती. राज्याने नकार दिला. २०१५ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याची बाजू उचलून धरली: पाटीवरचे शब्द सरकारचे असतात, म्हणून सरकार नाही म्हणू शकते. त्याआधी १९७७ मध्ये याच न्यायालयाने न्यू हॅम्पशायरच्या खटल्यात ठरवले होते की पाटीवरचे राज्याचे घोषवाक्य मिरवण्याची सक्ती गाडीमालकावर करता येत नाही.