उजवीकडे वळली की बंद: जुनी गाडी आणि तिरकं पेट्रोल

सध्या नागपुरात कोणाचीही जुनी गाडी खोकली की निदान तयारच असतं, "ई-20 मुळे होऊन राहिलं भाऊ." ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. स्टार्ट होत नाही, ई-20. अॅव्हरेज पडला, ई-20. यातलं अॅव्हरेजचं थोडंफार खरं आहे, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. पण परवा आमच्या गल्लीतल्या काकांनी त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं जे गाऱ्हाणं सांगितलं ते ऐकून मला राहवलंच नाही. गाडी वर्धा रोडवर सरळ मख्खन पळते, डावीकडे वळवली तरी काही नाही, आणि सर्कलला उजवीकडे गोल घेतली का बंद. आता मला सांगा, इथेनॉलला डावं-उजवं काऊन समजेल?

मिस्त्रीनं प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल फिल्टर बदलला. म्हणजे जे जे सरळ रस्त्यावरही त्रास देईल ते सगळं बदललं, आणि जे फक्त वळणावर बदलतं त्याला कोणी हातच लावला नाही.

वळणावर काय बदलतं? द्रवाची पातळी. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. त्याच्या एका बाजूला छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर, त्यात थोडंसं पेट्रोल साठतं. आत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो, पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुईसारखा व्हॉल्व्ह दाबून वाट बंद करतो, अगदी गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं. विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरनं 1893 च्या सुमारास फवारा मारणाऱ्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट वापरला, आणि पुढची जवळपास शंभर वर्षं गाड्या याच कल्पनेवर चालल्या. या सगळ्याची अट एकच, वाटीतलं पेट्रोल आडवं राहिलं पाहिजे. कारण इंजिन जेटमधून, म्हणजे एका बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढतं, आणि ते किती ओढलं जाईल हे पातळीवर ठरतं, तिथे दोन-तीन मिलिमीटरनं फरक पडतो.

आता गंमत बघा. गाडी उजवीकडे वळते पण पेट्रोलला सरळच जायचं असतं, त्यामुळे ते डाव्या भिंतीला चढतं आणि पातळी तिरकी होते. किती तिरकी? वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या, हे झालं त्वरण, त्याला गुरुत्वत्वरणानं म्हणजे 9.8 नं भागा, जे येईल तो त्या कोनाचा टॅन. समजा 20 मीटर त्रिज्येचं सर्कल आणि स्पीड ताशी 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 8.3 मीटर. वर्ग केला, 20 नं भागलं, साधारण साडेतीन आलं, त्याला 9.8 नं भागलं की 0.35, आणि कोन 19 अंशांच्या आसपास. वाटी 5 सेंटिमीटर रुंद धरली तर एका कडेला पेट्रोल जवळपास 9 मिलिमीटर वर आणि दुसऱ्या कडेला तेवढंच खाली. गाडीची बॉडी वळणावर बाहेर झुकते ते वेगळंच, ते पण याच दिशेनं भर घालतं. आणि तीसचे चाळीस केले तर वर्गामुळे हा आकडा पावणेदोन पट होतो.

या हिशोबात घनता कुठे आली का? नाही आली. वस्तुमान वर-खाली कटून जातं. पेट्रोल असो, ई-20 असो, नाही तर नळाचं पाणी, एकाच वळणावर एकाच स्पीडला सगळे सारखेच तिरके होतात. पटत नसेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली डॅशबोर्डवर आडवी, गाडीच्या रुंदीला समांतर टेकवा, आणि शेजारी बसलेल्याला सर्कलवर बघायला लावा. चालवणाऱ्यानं बघू नये, प्लीज.

आणि वाटी कार्बोरेटरच्या एकाच बाजूला असते, म्हणून डावं-उजवं विचारायचं. पेट्रोल जेटपासून लांब पळालं तर इंजिन उपाशी मरतं, वास नाही, धूर नाही. पेट्रोल नको तिथे चढलं, किंवा फ्लोट हलून सुई उघडी राहिली, तर इंजिन पेट्रोलमध्ये बुडून मरतं, मग पेट्रोलचा भपकारा येतो आणि परत स्टार्ट करताना काळा धूर निघतो. दोन्ही वेळा गाडी बंदच, पण इलाज उलटे.

हेच दुखणं 1940 मध्ये आकाशात निघालं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांना मर्लिन इंजिन होतं, कार्बोरेटरवालं. वैमानिकानं नाक झटकन खाली घातलं की वाटीतलं पेट्रोल छताला चिकटायचं, इंजिन आधी उपाशी, मग फ्लोट उलटा होऊन पूर. जर्मन विमानांना फ्युएल इंजेक्शन होतं, म्हणजे वाटीऐवजी दाबानं पेट्रोल फवारायची सोय, ते आरामात सूर मारून निसटायचे. बिएट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत मोजून छिद्र पाडलेली छोटीशी चकती बसवली, इंजिनला जास्तीत जास्त लागेल तेवढंच पेट्रोल पुढे जाईल अशी, आणि पूर थांबला. 1941 पासून ती विमानांना लागली. मला हा किस्सा कितीही वेळा सांगायला लावा.

काकांना एकानं सल्ला दिला होता की त्या सर्कललाच काहीतरी आहे, नारळ फोडा आणि लिंबू-मिरची बांधा. "तिथेच" बंद पडते हे खरंच आहे, कारण तीच त्रिज्या आणि रोजचा तोच स्पीड. तिथूनच ताशी पंधरानं गेलं तर बळ चौथाई होतं आणि गाडी मुकाट चालते. भुताला वेगाचा वर्ग कळत असेल तर मी नारळ स्वतः आणून देतो.

इंजेक्शनवाल्या गाडीला फ्लोट नसतो, तिथे टाकी बघायची. टाकी पाव असली की वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं, टाकीतला पेट्रोलचा पंप हवा ओढतो आणि प्रेशर लगेच पडतं. टाकी फुल करून तेच वळण घ्या, बंद पडली नाही तर उत्तर मिळालं. अगदी हळू, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर बंद पडत असेल तर ते तिरक्या पेट्रोलचं काम नाही, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा लोड येतो आणि कार्बन धरलेला आयडलिंगचा व्हॉल्व्ह, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा, तो सांभाळू शकत नाही. इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी आधारांवर इंजिन बसतं ते, गेलं असेल तर वळणावर इंजिनच झुकतं आणि अर्थची नाही तर डिलकोची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) वायर ताणली जाते, अशी गाडी झटक्यात मरते, जणू चावी काढली.

काकांच्या गाडीला भपकारा होता, काळा धूर होता, म्हणून कार्बोरेटर उघडायला लावला. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोल खुळखुळत होतं. मिस्त्रीनं गॅसपासून लांब नेऊन तो गरम पाण्यात बुडवला, आणि जोडावरून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. फ्लोट जड झाल्यामुळे खोल तरंगायचा, सुई उशिरा बंद व्हायची, पातळी आधीच वर, सरळ रस्त्यावर कसंबसं निभायचं आणि उजव्या वळणावर उरलेले मिलिमीटर संपायचे. नवीन फ्लोट मिळाला तर तोच टाका. डाख द्यायचा असेल तर आतलं पेट्रोल आधी पूर्ण काढा, नाही तर भडका उडेल, आणि डाख अगदी थोडा लावा, जास्त झाला की फ्लोट परत जड होतो आणि पातळी परत वर चढते.